कपाटातले कार्ड

छत्तीस वर्षे मी एका कचेरीत हिशेब तपासले. या नोकरीने मला पैसा फारसा दिला नाही. एक खोड मात्र दिली. कोणत्याही दोन वस्तू किंवा दोन कागद समोर आले, की त्यांचा मेळ बसतो की नाही हे पाहिल्यावाचून मला चैन पडत नाही. लग्नाच्या पंगतीत बसलो तरी वाढप्यांची संख्या आणि पानांची संख्या यांचा मी मनातल्या मनात ताळा घेत असतो. आमच्या हिला या खोडीचा वीट आलेला आहे. 'तुम्ही जिलबी खा हो, तिची वेटोळी मोजू नका,' असे ती मला एकदा चारचौघांत म्हणाली होती.

अशा माणसाने बाजारातून एक महागाची वस्तू आणावी, आणि ती घरातल्या वस्तूशी जुळते की नाही हे आधी पाहू नये, हे नवलच म्हणायचे. पण तसे घडले खरे. का घडले ते सांगायचे तर थोडी अब्रू खर्ची टाकावी लागेल. दिवाळी आहे, टाकतो.

गोष्ट २०२५ च्या नवरात्रातली. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीचा मी मानद खजिनदार आहे. 'मानद' याचा अर्थ काम सगळे करायचे आणि शिव्याही आपणच खायच्या. सोसायटीचे हिशेब मी घरच्या संगणकावर ठेवतो. हा संगणक २०१६ सालचा. त्यात विंडोज १० होती, आणि तिला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार होता. विंडोज ११ घ्यावी म्हटले, तर आमचा प्रोसेसर इंटेलच्या सहाव्या पिढीतला. आणि ही नवी विंडोज इतकी सोवळी, की आठव्या पिढीच्या मागचा इंटेल प्रोसेसर तिच्या पंगतीला चालत नाही. दीडशे सभासदांच्या मेंटेनन्सचे आकडे आणि बँकेचे व्यवहार ज्या यंत्रावर चालतात, त्याचे दार उघडे टाकणे माझ्या हिशेबी स्वभावाला मानवेना. तेव्हा कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड जुनेच ठेवावेत, आणि पोटातला मदरबोर्ड, प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क तेवढी नवी घ्यावी, असे ठरवले. जुन्या वाड्याच्या भिंती ठेवून वासे बदलावेत, तसे.

ग्रँट रोड स्टेशनातून बाहेर पडून थोडे चालले, की लॅमिंग्टन रोड लागतो. पाटीवर त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे, पण ते नाव पत्र लिहितानाच वापरायचे. माझ्या तरुणपणी मी इथे ट्रान्झिस्टरचे सुटे भाग घ्यायला येत असे. आता तिथेच संगणकाचे भाग मिळतात. ज्या दुकानात गेलो, तिथला तरुण मोठा चुणचुणीत होता. त्याने मदरबोर्डाचा खोका पुढे ठेवला आणि विचारले,

"काका, घरी ग्राफिक्स कार्ड आहे का?"

"आहे की!" मी ऐटीत म्हणालो.

"मग हा 'एफ'वाला प्रोसेसर घ्या. दीडेक हजार वाचतील."

इंटेलच्या प्रोसेसरच्या आकड्यापुढे 'एफ' हे अक्षर असले, की त्याच्या पोटात चित्र काढणारा भाग चालू नाही असे समजायचे. हिशेब तो उत्तम करील, पण पडद्यावर एक टिंबही उमटवणार नाही. त्यासाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड हवे. घरी कार्ड असताना या भागाला पैसे मोजणे म्हणजे घरी विहीर असताना नळाचे बिल भरणे. मी 'एफ' घेतला. पैसे मोजताना त्याने सहज विचारले,

"कोणतं कार्ड आहे, काका?"

"कपाटात आहे," मी म्हणालो.

तो माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिला. मग, "प्रोसेसरचा खोका एकदा फोडला की परत घेत नाही हं," असे म्हणून त्याने तो फोडला, प्रोसेसर आणि मेमरी बोर्डावर बसवून दिली, आणि सगळे पुन्हा बांधून माझ्या हाती दिले.

दादरला गाडी बदलली. तो खोका मांडीवर घेऊन मी बसलो होतो. घाटकोपर येईपर्यंत दीड हजार वाचवल्याचा आनंद टिकला. त्यानंतर मनात पाल चुकचुकली. कार्ड जुने, बोर्ड नवा. यांचे जमेल का? न जमले, तर दुसरे कार्ड घ्यायला वीसएक हजार रुपये. म्हणजे दीड हजाराची बचत भलतीच महागात पडायची. आणि जमते की नाही हे ज्याला एका वाक्यात सांगता आले असते, त्याला विचारायची माझी तयारी नव्हती. कारण ते कार्ड कपाटात मीच घातले होते.

* * *

चिरंजीव २०१६ मध्ये दहावी पास झाले तेव्हा आम्ही हा संगणक घेतला. त्याला त्यात ग्राफिक्स कार्ड हवे होते. मी नको म्हणालो. कार्ड कशाला लागते हे मला ठाऊक होते: खेळ खेळायला. मुलगा काही बोलला नाही. पण वर्षभर तो शेजारच्या दोन मुलांना गणित शिकवत राहिला, आजीने दिलेले ओवाळणीचे पैसे साठवत राहिला, आणि शेवटी त्याने आपली सायकल विकली. २०१७ च्या मे महिन्यात तो एक खोका घेऊन घरी आला. आत जीटीएक्स १०६० नावाचे कार्ड होते. किंमत २३,००० रुपये. त्या दिवशी मला त्याचे कौतुक वाटले होते. ते मी बोलून दाखवले नाही, एवढेच.

जूनमध्ये बारावी सुरू झाली. गणपती होऊन गेले आणि कॉलेजच्या चाचणीत भौतिकशास्त्रात ५० पैकी १९ गुण मिळाले. त्याच रात्री दीड वाजता मला जाग आली. पलीकडच्या खोलीतून घूं घूं असा आवाज येत होता. एरवी त्या कार्डाचे पंखे थांबलेले असत. खेळाचा भार पडला, की ते घोंगावू लागत. मी उठलो, दार उघडले, आणि दोनच शब्द बोललो.

"काढ ते."

कार्ड कसे काढतात हे मला माहीत नव्हते. ते त्यालाच काढावे लागले. त्याने संगणक बंद केला, बाजूचा पत्रा उघडला, वायर सोडवली, दोन स्क्रू काढले, खाचेच्या टोकाची कडी दाबून कार्ड अलगद वर उचलले. मागच्या मोकळ्या फटीत पत्र्याची पट्टी बसवली. कार्डाच्या तोंडाला प्लॅस्टिकची टोपी घातली, ते चंदेरी पिशवीत घातले आणि पिशवी खोक्यात. मॉनिटरची केबल कार्डावरून काढून मदरबोर्डावर लावली, कारण तो जुना प्रोसेसर 'एफ'वाला नव्हता. हे सगळे होईपर्यंत मी दारात उभा होतो. खोका माझ्या हातात देताना तो म्हणाला, "जपून ठेवा."

हिने तो पैठणीच्या खाली ठेवला आणि कपाटाला कुलूप लावले.

बारावीची परीक्षा झाली, प्रवेशपरीक्षाही झाल्या. गुण चांगले पडले. २०१८ च्या जूनमध्ये मी आपण होऊन खोका काढून त्याच्यापुढे ठेवला. "राहू दे बाबा," तो म्हणाला, "आता हॉस्टेलवर कुठं नेऊ?" इंजिनियर होऊन २०२२ मध्ये तो बेंगळुरूला नोकरीला लागला. खोका कपाटातच राहिला. त्या कुलपाचा मुलाच्या यशात वाटा किती, हे मला अजून काढता आलेले नाही. ती रक्कम जमेला धरावी की नावे टाकावी, हेच ठरत नाही. आणि असली रक्कम ज्या वहीत लोंबकळत असते, ती वही बंद करता येत नाही, हे कोणताही हिशेबनीस सांगेल.

दरम्यान जगात या कार्डांना सोन्याचे दिवस येऊन गेले. २०१७-१८ मध्ये बिटकॉइनसारखी नाणी 'खणण्या'साठी लोकांनी कार्डांवर धाड घातली. २०२१ मध्ये टंचाई पडली. वापरलेल्या कार्डालाही तेव्हा मोल आले. आमचे कार्ड मात्र पैठणीखाली डांबराच्या गोळ्यांचा वास घेत पडून होते.

* * *

त्या शनिवारी रात्री मी खोका काढला. आत कार्डाखाली बिल होते. बिल पाहिले की माझी बोटे आपोआप चष्म्याकडे जातात. तारीख, क्रमांक, रक्कम, सगळे बरोबर होते. आणि ग्राहकाच्या नावापुढे माझे नाव होते. मुलगा तेव्हा १७ वर्षांचा; तीन वर्षांची हमी म्हटल्यावर त्याने बिल वडिलांच्या नावावर करून घेतले असावे. म्हणजे कागदोपत्री ते कार्ड पहिल्यापासून माझेच होते. ही नोंद मी आठ वर्षांत कधी तपासली नव्हती.

बिल परत ठेवले आणि नवी वही काढली. जुनी पद्धत बरी: डावीकडे बोर्ड, उजवीकडे कार्ड, आणि एकेक कलम टिपून खूण करत जायचे. चार संध्याकाळी मी हाच अभ्यास केला. वाचकांपैकी कुणावर असा प्रसंग आला, तर माझी वही त्याच्या उपयोगी पडावी म्हणून ती थोडी उघडून दाखवतो.

पहिले कलम, खाच. कार्ड ज्या लांब खाचेत बसते, तिला पीसीआय एक्स्प्रेस म्हणतात. ही पद्धत २००३ च्या सुमारास आली. त्याआधी १९९७ पासून एजीपी नावाची खाच होती. त्या काळचे कार्ड असेल, तर प्रश्नच मिटला, ते आजच्या बोर्डात शिरणारच नाही. पण पीसीआय एक्स्प्रेसच्या पिढ्या आपसांत सलोख्याने राहतात. आमचे कार्ड तिसऱ्या पिढीचे, बोर्डाची खाच चौथ्या पिढीची. तिसरीच्या सोळा मार्गिकांवरून एका दिशेने सेकंदाला सुमारे १६ गिगाबाइट माहिती जाते. चौथीतून त्याच्या दुप्पट. मला वाटले, इथेच भांडण होणार. पण व्यवस्था मोठी शहाणपणाची आहे. संगणक सुरू झाला, की कार्ड आणि बोर्ड, दोघेही कितीही नवे असोत, पहिल्याने अगदी सुरुवातीच्या, म्हणजे २००३ च्या वेगाने एकमेकांशी बोलतात. ओळख पटली, की मग दोघांनाही झेपेल अशा सर्वांत मोठ्या वेगावर जातात. ज्याला जास्त येते तो कमी येणाऱ्यासाठी थांबतो. आणि कमी येणाऱ्याला त्याचा स्वतःचा पूर्ण वेग मिळतो. मी खूण केली. फक्त प्रोसेसरच्या जवळची लांब खाच निवडायची. काही बोर्डांवर खालची खाच लांबीला तेवढीच दिसते, पण तिच्यात मार्गिका चारच असतात.

दुसरे कलम, जागा. शिवणाच्या टेपने कार्ड मोजले: साडेनऊ इंच. कॅबिनेटमध्ये अकरा इंच जागा होती. कार्डाची जाडी दोन खाचांची, म्हणजे शेजारची बारकी खाच त्याच्याखाली झाकली जाणार. तिच्यात आपल्याला काही लावायचे नव्हते. टेप परत शिवणाच्या डब्यात न ठेवल्याबद्दल बोलणी खाल्ली, ती वेगळी.

तिसरे कलम, वीज. हे माझे आवडते, कारण यात बेरीज होती. बोर्डाची खाच कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देते. आमच्या कार्डाची भूक १२० वॅटची. उरलेली वीज सहा पिनांच्या वेगळ्या वायरीने पॉवर सप्लायमधून घ्यायची. तिच्यातून आणखी ७५ वॅट मिळतात. जमा १५०, खर्च १२०. प्रोसेसर भरात आला तर ११७ वॅट खातो. बाकीच्या मंडळींना ५०-६० धरले. एकूण तीनशेच्या आत. जुना पॉवर सप्लाय ४५० वॅटचा, आणि कार्ड बनवणाऱ्या कंपनीची शिफारस ४०० ची. शिल्लक राहत होती. खूण केली, आणि खाली रेघ मारून दोन वेळा सही केली, सवय.

चौथे कलम सर्वांत नाजूक. पूर्वी संगणक चालू झाला की पहिल्याने जो कार्यक्रम चाले, त्याला बायॉस म्हणत. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून तो चालत आलेला. त्याच्या जागी आता यूईएफआय आला आहे. मधली काही वर्षे नव्या बोर्डांत जुनी भाषा समजणारा एक दुभाष्याही असे. पण इंटेलने २०१७ मध्येच सांगून टाकले, की २०२० पर्यंत हा दुभाष्या काढून टाकायचा. आणि नव्या बोर्डांपैकी पुष्कळांत तो आता नाही. त्यामुळे साधारण २०१२ च्या आधीचे कार्ड खाचेत नीट बसते, पंखे फिरतात, वीज मिळते, आणि तरी पडदा काळा राहू शकतो. दोष कुणाचाच नसतो. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही, एवढेच. आमचे कार्ड २०१६ च्या घडणीचे, नवी भाषा जाणणारे. खूण केली.

पाचवे कलम, आयुष्य. कंपनीने २०२५ मध्येच जाहीर केले होते, की या पिढीच्या कार्डांसाठी खेळांच्या नव्या सुधारणा त्या ऑक्टोबरनंतर निघणार नाहीत. सुरक्षेपुरत्या सुधारणा मात्र ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळतील. म्हणजे कार्ड सेवानिवृत्त झाले होते, पण पेन्शन चालू होती. माझ्यासारखेच. हिशेबाच्या वहीला एवढे पुरे.

पाच कलमे, पाच खुणा. पत्रिका इतकी जुळलेली मी आमच्या नात्यात कुणाची पाहिली नाही.

* * *

गुरुवारी दसरा होता. तळमजल्यावरचा डिप्लोमाला असलेला मुलगा बुधवारी संध्याकाळी आला आणि त्याने जुना बोर्ड काढून नवा बसवला. नवव्या दिवसाचा गरबा असल्यामुळे त्याचे पाय आधीच ताल धरत होते. "कार्ड तुम्ही लावा, काका, सोपं आहे," असे म्हणून तो गेला.

मी आधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली वीज उतरवली. हे वहीत लिहिले होते. पिशवी उघडली, टोपी काढली. कार्ड खाचेवर टेकवून दाबले, आणि कडी 'टक्' अशी बसली. दोन स्क्रू, सहा पिनांची वायर, मॉनिटरची केबल. हिने बोर्डावर नाही तरी कॅबिनेटवर हळदकुंकू वाहिले. बटण दाबले. दिवे लागले, पंखे गरगरले आणि थांबले. पडदा काळा.

बंद केले, पुन्हा चालू केले. पडदा काळा. मेमरी काढून घातली, कार्ड काढून घातले. वहीतली पाचही कलमे पुन्हा तपासली. एकही चुकले नव्हते. आता एकच शक्यता उरत होती: कार्ड मेले होते. आठ वर्षे पैठणीखाली ठेवून मी ते मारले होते.

बाहेर गरब्याचा ढोल वाजत होता. रात्रीचे दहा झाले होते. ही म्हणाली, "त्याला फोन करा."

"उद्या बघू."

"उद्या नाही. आत्ता करा. आणि मी नाही लावून देणार, तुम्ही लावा."

एवढे मोठे संकट कचेरीतल्या ऑडिटमध्येही आले नव्हते. मी नंबर लावला. पहिल्याच घंटेला त्याने उचलला, आणि घाबऱ्या आवाजात विचारले, "बाबा? आई बरी आहे ना?"

मी आपण होऊन फोन केला, तर मुलाला पहिल्याने हे विचारावेसे वाटले. एरवी फोन ही लावते. मी तीन वाक्ये बोलतो आणि परत तिच्या हातात देतो. ती तीन वाक्येच मी याही वेळी बोललो.

"आई बरी आहे. जेवलास का?"

"हो. तुम्ही?"

"झालं आत्ताच. पाऊस आहे का तिकडे?"

"थोडा आहे."

इथे फोन हिच्याकडे द्यायचा असतो. ती स्वयंपाकघरात निघून गेली होती. मग मी बोर्डाचे सांगितले, 'एफ'चे सांगितले, काळ्या पडद्याचे सांगितले.

"पण कार्ड कुठलं लावलंत?"

"ते कपाटातलं."

तिकडे शांत झाले. मला वाटले, फोन तुटला. मग तो म्हणाला, "चंदेरी पिशवीत होतं ना?"

"होतं. टोपीसुद्धा होती."

"मग काही होत नाही त्याला. पंखे फिरतात?"

"सुरुवातीला फिरतात, मग थांबतात."

"तसंच असतं ते. म्हणजे जिवंत आहे. सहा पिनांची वायर लावलीत? त्या जागी दुसरी बसतच नाही म्हणा. बाबा, मॉनिटरची केबल कुठं लावलीत?"

"नेहमीच्या जागी."

"नेहमीच्या म्हणजे? फोन मागं धरून दाखवा बघू."

मी टॉर्च लावली, फोनचा कॅमेरा संगणकाच्या पाठीमागे धरला. तो हसला. खिजवणारे हसू नव्हते ते.

"बाबा, ती केबल बोर्डावर आहे. 'एफ'च्या प्रोसेसरला ती जागा म्हणजे कोरडा नळ. खाली, आडवं पाहा, कार्डाची स्वतःची जागा आहे. तिथं लावा."

वरची जागा 'नेहमीची' कधीपासून झाली, हे दोघांनाही ठाऊक होते. त्या रात्री ती केबल त्यानेच तिथे लावली होती, आणि आठ वर्षे ती तिथेच होती. मी ती काढली आणि खाली कार्डावर लावली. बटण दाबले. पडद्यावर बोर्डाच्या कंपनीचे चिन्ह उमटले.

"आलं!" मी इतक्या मोठ्याने ओरडलो, की ही पोळपाट हातात घेऊन बाहेर आली.

त्यानंतर आम्ही दोघे एक तास दहा मिनिटे बोललो. विंडोज कशी बसवायची, कार्डाचा ड्रायव्हर कुठला घ्यायचा, जुने यंत्र मोडण्याआधी कार्ड त्यातच लावून का पाहिले नाही (ही अक्कल मला सुचलीच नव्हती), इथपासून त्याच्या कचेरीतल्या वरिष्ठापर्यंत. फोनवर त्याच्याशी इतका वेळ मी कधीच बोललो नव्हतो. सुरुवात 'जेवलास का'नेच झाली होती. पण वेग नंतर वाढत गेला.

* * *

वसुबारसेला तो घरी आला. पिशवी ठेवल्या ठेवल्या त्याने कॅबिनेटचा पत्रा उघडून कार्ड पाहिले, पंख्यावर एक फुंकर मारली, आणि पुन्हा लावला. दुपारी ही चकल्या तळत होती. आम्ही दोघे गरम गरम उचलत होतो. मी मनाशी दोन दिवस जुळवलेले वाक्य बोलून टाकले.

"ते कार्ड मी तेव्हा तुला काढायला लावलं... तसं करायला नको होतं."

"कधी?" त्याने चकली मोडत विचारले. "मला नाही बाबा आठवत."

मला बरे वाटले. कार्डांच्या अभ्यासात मी एक गोष्ट वाचली होती. त्यांच्यात सहा-सहा गिगाबाइटची स्मृती असते खरी, पण ती वीज असेपर्यंतच. वीज गेली, की कंपनीने कोरून दिलेला चार ओळींचा मजकूर सोडून बाकीचे सगळे पुसले जाते. आठ वर्षे कपाटात राहिलेल्या कार्डाने पहिल्याच दिवशी मुकाट्याने चित्र दाखवले, ते त्यामुळेच. मुलांचेही तसेच असते, असे मी धरून चाललो आणि कलमापुढे खूण केली.

त्या रात्री केव्हातरी मला जाग आली. पलीकडच्या खोलीतून घूं घूं असा आवाज येत होता. घड्याळात दीड वाजला होता. मी उठलो, सपाता शोधल्या, आणि दार उघडले.

पडद्यावर कसले तरी जंगल होते, त्यातून एक घोडेस्वार चालला होता. आठ वर्षांपूर्वीही बहुधा तोच असावा. दाराचा आवाज ऐकताच मुलगा दचकला. पंचवीस वर्षांचा, कमावता मुलगा. पण त्याने मागे वळून पाहिले नाही. त्याचा हात आधी संगणकाच्या बटणाकडे गेला.

मला माझी खूण खोडावी लागली.

"चालू दे," मी म्हणालो.

हात तिथेच थांबला. मी भिंतीजवळची खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसलो. घोडेस्वार जंगलात उभा होता. थोड्या वेळाने तो पुन्हा चालू लागला. पंखे जोरात घोंगावत होते.

"आवाज फार येतोय का, बाबा?"

"येऊ दे," मी म्हणालो.